अकरा पट्टे

शैला गेल्या आठवड्यात रंगाचं कार्ड घेऊन माझ्यापुढे बसली. शैला म्हणजे माझ्या भावाची सून. रत्नागिरीचं आमचं माहेरचं घर आता तिच्या ताब्यात आहे, आणि तिने ते नीटनेटकं ठेवलं आहे, हे आधीच सांगते. नाहीतर जुन्या घराच्या आठवणी म्हटलं की लोकांना उगीच पडक्या भिंती दिसू लागतात. कार्ड कसलं, चांगली जाडजूड वहीच होती ती. एकट्या पांढऱ्याच्याच दहा-बारा तऱ्हा.

"आत्या, मजघराला कोणता लावू? तुम्हीच सांगा."

"मला काय विचारतेस? रंग पसंत करण्यात या घरात नाव काढलं ते आईने."

शैला हसली. लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यातच तिला ही गोष्ट कळली असणार. माझ्या लग्नाच्या वेळी आईने भिंतीवर अकरा रंग लावून पाहिले आणि त्यापायी लग्नच सहा महिने पुढे गेलं, ही आमच्या घरातली जुनी चेष्टा आहे, आणि ती सगळ्यात जास्त वेळा मीच केली आहे. दोन दिवसांनी रंगारी यायचे होते, म्हणून मी राहून गेले. रंगाचा वास मला आवडतो, जरी आताच्या रंगांना तो नसतोच.

तेव्हाच्या रंगाला वास होता तो चुन्याचा. शिंपले भाजून केलेली कळी मागच्या अंगणात मोठ्या मडक्यात टाकायची आणि वरून पाणी ओतायचं. मग ते मडकं फसफसायचं, गुरगुरायचं, हात लावू नये इतकं तापायचं. ओल्या दगडाचा आणि समुद्राचा मिळून एक वास यायचा. चैत्रात तो वास, त्यात परसातल्या आंब्याच्या चिकाचा वास, आणि वाळत घातलेल्या आमसुलांचा आंबट वास. डोळे मिटून अंगणात उभं राहिलं तरी महिना सांगता यायचा.

चुन्याशी आमचा खेळ होता. स्वयंपाकघरातून चिमूटभर हळद आणायची, बोट भिजवून त्यात बुडवायचं आणि ओल्या चुन्यावर टेकवायचं. पिवळं बोट बघता बघता लाल व्हायचं. तेच बोट सुकलेल्या भिंतीला लावलं तर पिवळं ते पिवळंच. असं का होतं ते कोणी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलंही नाही. हळद वाया घालवल्याबद्दल ओरडा मात्र खाल्ला.

पण हळदीचं बोट लावण्यात आई स्वतःही मागे नव्हती. मंगल कार्यासाठी काही निवडलं की ती त्याला आधी हळदीचं बोट लावायची. लुगडं असो, भांडं असो, माझी शाळेची पहिली पाटी असो. एकदा बोट लागलं की ती वस्तू आमची. मग तिच्यात खोट निघाली तरी बदलायची नाही.

आणि निवडायला तिला वेळ लागायचाच नाही, कारण ती निवडायचीच नाही. कासार आला की आळीतल्या बायका अर्धा दिवस हात पुढे-मागे करीत बसायच्या. आई समोर येईल ती पहिली बांगडी भरून घ्यायची आणि उठायची. भाजीवालीच्या टोपलीतला वरचा भोपळा, दुकानदाराने उलगडलेलं पहिलं लुगडं. "सगळं सारखंच गो. कामाला उशीर होतो," म्हणायची. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचा मोठा अभिमान होता. ते कचेरीत कारकून होते. बायको काही मागत नाही हे ते चारचौघांत अशा सुरात सांगत, की जणू ती कला त्यांनीच तिला शिकवली.

तोवर घराला रंग काढणं म्हणजे चुना काढणं. फार तर त्यात थोडी नीळ. खालच्या बाजूला गेरूचा पट्टा, की संपलं. रंग निवडायचा असतो हेच कोणाला ठाऊक नव्हतं. आधण कोणत्या पाण्याचं ठेवायचं हे जसं कोणी निवडत नाही, तसंच. पण माझा मोठा भाऊ, आमचा दादा, मुंबईला एका रंगवाल्याच्या पेढीत लागला होता. माझं लग्न ठरल्याचं पत्र गेलं, आणि पुढच्या बोटीने त्याने एक कार्ड पाठवलं. त्यावर नखाएवढे रंगाचे तुकडे चिकटवलेले होते आणि खाली इंग्रजी नावं होती. आण्णा चष्मा लावून ती नावं वाचत आणि त्यांचं मराठी करीत. बदामी, मोतिया, अस्मानी, मोरपिशी. अर्ध्याहून अधिक नावं त्यांनी मनचीच ठोकली असावीत. चार दिवस आळीतली माणसं ते कार्ड बघायला येत होती आणि आम्ही आल्यागेल्याला चहा पाजत होतो.

मला तेव्हा पंधरावं लागलं होतं. नव्या कायद्याने चौदा पुरी व्हावी लागत, ती झाली होती, त्यामुळे आण्णांच्या मते आता थांबायला कारण उरलं नव्हतं. मुलगा पावस गावचा. घरची आंब्याची बाग, माणसं चांगली. मुलाबद्दल माझी काही तक्रार नव्हती, पुढेही झाली नाही. माझं दुखणं वेगळंच होतं. मी सातवीत होते. सातवीची सरकारी परीक्षा त्या साली दिवाळीच्या आत व्हायची होती, आणि मुहूर्त निघाला होता वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यातला. वर्गात आम्ही तिघीच मुली उरलो होतो. सातवी पास झालेली बाई शाळेत शिकवू शकते, हे मला पक्कं माहीत होतं. आमच्या हेडबाई तशाच झाल्या होत्या. मला ती परीक्षा हवी होती. एवढी हवी होती की रात्रीच्या परवच्यात देवाजवळ मी तेवढंच मागायचे. पण हे कोणाला सांगायचं असतं हे मला सुचलंच नाही. मुलींनी अशी गोष्ट बोलून दाखवायची रीतच नव्हती, आणि आमच्या घरात रीत म्हणजे रीत.

मुलाचे मामा पुढची बोलणी करायला आले त्या दुपारची गोष्ट. आईने घावन आणि नारळाचा रस केला होता. मामांनी चार-चार वेळा मागून घेतलं आणि आईची तोंड भरून स्तुती केली. आण्णा फुलले. दादाचं कार्ड मामांच्या पुढे ठेवून म्हणाले, "आमच्या घराचा रिवाज आहे. भिंती रंगल्याशिवाय दारात मांडव चढत नाही. आणि यंदा रंग हिने ठरवायचा. आजवर हिने कधी काही मागितलं नाही. हिने हो म्हटल्याशिवाय कुंचा भिंतीला लागायचा नाही, हा माझा शब्द."

मामांनी मान डोलावली. आई दाराआड उभी होती. घावन करपेल म्हणून आत गेली.

आण्णांचा शब्द हे एक प्रकरणच होतं. दुसऱ्यांचे वडील जमीनजुमला ठेवतात, आमचे शब्द ठेवीत.

रंग काढायला येणारा होता धोंडू. तो भाट्याचा, खाडीपलीकडचा. सकाळच्या तरीने, म्हणजे होडीने, अलीकडे यायचा. खांद्यावर शिडी, हातात केवड्याच्या मुळ्या ठेचून केलेला कुंचा. उंच, काटकुळा माणूस, भुवयांवर कायमचा चुना. पावसात लावणी, उन्हाळ्यात चुना, अशी त्याची वाटणी होती. तो बोलायचा थोडं, पण जे बोलायचा ते भिंतीकडे बघून.

दादाच्या कार्डावरचा तुकडा म्हणजे नुसती दिशा. खरा रंग भिंतीवर लावूनच कळतो, असं धोंडूने सांगितलं. मजघराच्या आतल्या भिंतीवर, जिथे उजेड बेताचा, तिथे पाटाएवढा पट्टा ओढायचा, सुकू द्यायचा आणि मग ठरवायचं. पहिला पट्टा त्याने स्वतःच्याच मनाने केला. बाजारातली दोन मुठी पिवडी, म्हणजे पिवळी माती, चिमूटभर गेरू, डिंकाचं पाणी, बाकी चुना. मुंबईचं त्यात काही नव्हतं.

"वैनी, वला हाय तवर काय बोलू नका," तो म्हणाला. "वला असला की गडद दिसतो. सुकला की मंग बगा."

मी शाळेत जायच्या आधी कोळशाने त्या पट्ट्यावर एकचा आकडा काढला. घरात सगळ्यात वळणदार अक्षर माझं होतं, म्हणून ते काम माझ्याकडे. आई पदराला हात पुसत पट्ट्याकडे बघत उभी होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "चांगला वाटतो हो."

त्याच दिवशी संध्याकाळी हेडबाई आमच्याकडे आल्या. नऊवारी, पायात वहाणा, हातात छत्री. ओटीवर बसल्या आणि चहाला नको म्हणून सरळ मुद्द्यावर आल्या.

"मुलगी परीक्षेला बसली तर शाळेचं नाव काढील. तुम्हाला दिवाळीपर्यंत थांबता आलं तर बघा."

"बाई, तुम्ही म्हणता ते खरं," आण्णा म्हणाले. "पण मुहूर्त निघालाय. मी शब्द दिलाय. आणि सातवी करून तिला काय कचेरीत जायचंय?"

बाईंनी छत्री उचलली. मग उठल्या आणि जाताना मला म्हणाल्या, "तोवर रोज शाळेत येत जा." मी आत पळाले. मजघरात आई समई पुसत होती. मी कोपऱ्यात बसून दप्तर आवरल्यासारखं केलं. पाटी पुन्हा पुन्हा पुसली. पुसायला तिच्यावर काही नव्हतं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि समईला तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडू चुन्याचं घमेलं भरून तयार. पट्टा सुकून फिकट, पेजेत किंचित हळद पडावी तसा झाला होता. आण्णा म्हणाले, "अगो, चांगला आहे की. लावू दे?"

आई म्हणाली, "मनाला येत नाही."

आण्णांनी चष्मा काढला. असलं वाक्य त्यांनी तिच्या तोंडून प्रथमच ऐकलं होतं. मग ते खो खो हसले. "बरं बरं. दुसरा बघू. दिलाय ना शब्द." आईने त्या पहिल्या पट्ट्यावर खिळा ठोकून धान्य पाखडायचं सूप टांगलं. नावडता रंग रोज डोळ्यांपुढे नको म्हणून असेल, असं मला वाटलं.

मग चैत्र गेला आणि वैशाख लागला तो सगळा रंगांचाच. दादाला पत्र जायचं, पुढच्या बोटीने रंगाची पुडी यायची. बोट बंदराबाहेर उभी राहून भोंगा द्यायची, पडाव माणसं आणि गाठोडी घेऊन किनाऱ्याला लागायचे, आणि आण्णा कचेरीतून येताना ती पुडी खिशातून घेऊन यायचे. धोंडू ती चुन्यात कालवायचा, पट्टा ओढायचा, मी आकडा काढायची. दोन, तीन, चार. दोन दिवस सुकायचं. मग आई पदर खोचून समोर उभी राहायची, मान एकदा इकडे, एकदा तिकडे.

"हा कसा आजारी माणसाच्या अंगासारखा."

"याच्यावर दिव्याची काजळी दिसेल."

"हा गोड आहे. पण रोज कोण गोड खातं?"

अस्मानी रंगाला तर धोंडूनेच नाक मुरडलं. "वैनी, ह्यो बांगड्याच्या पाटीवाणी दिसतोय." आमच्या शाकाहारी घरात ही उपमा ऐकून आण्णा उठून ओटीवर गेले, आणि त्या दिवशी अस्मानी बाद झाला.

मोतिया रंगावर आई चार दिवस अडली. सकाळच्या उजेडात बरा दिसतो, म्हणाली, संध्याकाळी नाही. मग धोंडूने संध्याकाळी थांबून पाहिलं, तर म्हणाली, आता ढग आलेत, उद्या पाहू. त्याची शेवटची तर चुकली आणि त्याला आमच्या पडवीतच झोपावं लागलं. तरी तो कुरकुरला नाही. आईने त्याला आंब्याचं साठ, म्हणजे आंबापोळी, दिलं. तो ते खात भिंतीकडे बघत म्हणाला, "घाय कशाला वैनी. भिंत काय पळतेय?"

आळीत चर्चा सुरू झाली. बायका विहिरीवर आईला विचारू लागल्या, "काय हो, आज कितवा?" कोणी म्हणालं, गरिबाला पालखी मिळाली की असंच होतं. मी शाळेत रोज जात होते, कारण घरात लग्नाची तयारी अशी नव्हतीच. पापड नाहीत, रुखवत नाही. रंग झाल्यावर बाकीचं, असं आई म्हणायची. मी भूमितीची प्रमेयं पाठ करीत होते, आणि मजघरातून जाता येता ते पट्टे एकेकाने वाढताना बघत होते. मनात धाकधूक होती. एखादा रंग एकदम तिच्या मनाला येईल आणि दुसऱ्या दिवशी धोंडू शिडी लावील. नवा पट्टा ओढला की मी देवाला म्हणायचे, हा वाईट निघू दे.

आण्णांचं हसू सातव्या पट्ट्याला संपलं. आठव्याला ते म्हणाले, "अगो, मुहूर्त तोंडावर आलाय." नवव्याला ते म्हणाले, "पांढरा काढा आणि मोकळे व्हा." तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "काढा की. पण मामांच्या समोर शब्द तुम्ही दिला होतात, म्हणून मी बघत्ये. नाहीतर मला काय, सगळं सारखंच."

आण्णांनी वहाणा घातल्या आणि ते कचेरीची वाट धरून निघाले.

वैशाखाच्या अखेरीस बोटी बंद होत. समुद्र खवळू लागला की मग श्रावण-भाद्रपदापर्यंत मुंबईचं तोंड नाही. शेवटच्या बोटीला बंदरावर जत्रा लोटायची. आंब्याच्या पेट्यांचे ढीग, पेंढ्याचा वास, हमालांच्या हाका, उशिरा पिकलेल्या फळांचा गोडसर दर्प. त्या वर्षी शेवटची बोट शनिवारी गेली.

रविवारी सकाळी आईने रंग पसंत केला.

अकरावा. हिरवट, शेवाळी, नाव सांगता येऊ नये असा. "हा मनाला आला," ती म्हणाली. दादाने त्याची एकच पुडी पाठवली होती, एका पट्ट्यापुरती. घराला लागणारा रंग मुंबईत, आणि मुंबईची बोट आता पावसाळ्यानंतर. शेजारच्या एकाने पोस्टाने मागवा असं सुचवलं. आण्णा म्हणाले, "घाटावरून फिरून पोस्टाने रंग मागवायला मी काय संस्थानिक आहे?" आणि आत जाऊन पाट ओढून बसले. आईने त्यांच्यासमोर ताट ठेवलं. त्या दिवशी पुरणपोळी होती. सण कोणताच नव्हता.

मामांकडे माणूस गेला. त्यांचं उत्तर सरळ आलं. बागेच्या आवराआवरीत त्यांनाही उसंत नव्हती, तुळशीच्या लग्नानंतर मार्गशीर्षात करू. आण्णांना हायसं वाटलं. आणि मला काय वाटलं ते काय सांगू. मी विहिरीच्या मागे जाऊन एकटीच हसले आणि मग रडले. देवाने ऐकलं, असंच मला वाटलं. आईच्या लहरीचं निमित्त करून देवाने माझं काम केलं.

तो पावसाळा मी अभ्यासात काढला. बाहेर धो धो, मजघरात कंदील, भिंतीवर ते पट्टे ओलीने गडद झालेले. आई शेजारी बसून वाती वळायची. मधूनच विचारायची, "बायो, काय वाचत्येस?" मी सांगायची. तिला लिहितावाचता येत नव्हतं. पण तिने कधी 'पुरे आता' म्हटलं नाही, आणि त्या चार महिन्यांत मला उखळाकडे बोलावलं नाही.

मी पास झाले. दाखला आला तेव्हा आईने तो उलटा-सुलटा करून पाहिला, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळला आणि माझ्या सासरी न्यायच्या पेटीत सगळ्यात तळाशी, भांड्यांच्याही खाली ठेवला. "असू दे. जागा काय लागते त्याला," म्हणाली.

मग केळवणं सुरू झाली. मी दापोलीला मावशीकडे आठ दिवस राहून आले, तोवर घराला रंग होऊन गेला होता. शेवाळी नव्हता. फिकट पिवळसर होता. मी आईला विचारलं, तर म्हणाली, "तो मुंबईचा आलाच नाही वेळेवर. मग धोंडूने हाताशी होतं त्यातलं काढलं." तिने फणसाच्या लाकडाचं मोठं कपाट पट्ट्यांच्या जागेवर सरकवून घेतलं होतं. लग्नाच्या गडबडीत भिंतीकडे बघायला मला वेळ कुठे होता?

पुढे अशी वेळ आली, की पेटीच्या तळचा तो दाखला मला बाहेर काढावा लागला. कशी आली, का आली, ते सगळं मला इथे सांगायचं नाही. एवढंच सांगते, की मी पावसच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं, आणि त्या पगारावर माझी मुलं मोठी झाली.

आई म्हातारी झाली. माहेरी गेले की लुगडं घ्यायला मी तिला दुकानात घेऊन जायची आणि दुकानदाराला हमखास सांगायची, "काढा बरं अकरा. त्याशिवाय हिच्या मनाला येणार नाही." दुकानदार हसायचा, आई हसायची. भावजय हसायची.

तर परवा रंगारी आले. वाळवी लागली म्हणून शैलाने ते कपाट हलवायला लावलं. आजवर ते कोणी हलवलं नव्हतं, रंग दर वेळी त्याच्या कडेपर्यंतच व्हायचा. चौघांनी जोर लावला तेव्हा ते सरकलं, आणि शैलाने मला हाक मारली. "आत्या, हे बघा तुमचे पट्टे."

होते खरे. फिकटलेले, पण होते. मी जवळ गेले. कोळशाचे आकडे माझेच, वळणदार. मी मोठ्या कौतुकाने शैलाला मोजून दाखवू लागले. दोन, तीन, चार. अस्मानी, मोतिया. अकरावा शेवाळी. मोजले तर पट्टे दहाच भरले. पुन्हा मोजले. दहाच.

"एक कुठे गेला?" शैला म्हणाली.

सुपाचा खिळा अजून भिंतीत होता. त्याच्याखाली कोळशाचा एक दिसला. पण पट्टा नव्हता. बाकीच्या प्रत्येक पट्ट्याला कड होती, याला नव्हती. कपाटामागची सबंध भिंत त्याच रंगाची होती, माझ्या लग्नातल्या रंगाची. धोंडूने सगळे पट्टे सोडून भोवतालची भिंत रंगवली होती, आणि रंग तोच असल्याने पहिला पट्टा त्या भिंतीत मिसळून गेला होता. बाजारची पिवडी, चिमूटभर गेरू, चुना. या रंगासाठी मुंबईची बोट लागत नव्हती. हा रंग चैत्रातल्या कोणत्याही सकाळी भिंतीला लागू शकला असता.

आणि एकच्या आकड्याशेजारी, सूप टांगलं की झाकलं जाईल अशा जागी, एक बोट उमटलेलं होतं. हळदीचं बोट. पण पिवळं नाही, लाल.

मी जमिनीवरच बसले. शैला घाबरली, पाणी आणायला धावली. सुकल्या चुन्यावर हळद पिवळीच राहते, हे मला पाचव्या वर्षापासून माहीत आहे. ते बोट पट्टा ओला असताना लागलं होतं. पहिल्याच दिवशी, हेडबाई यायच्या आधी. आईने रंग पाहिला, तो तिला आवडला आणि तिने तो नेहमीसारखा पहिल्या नजरेला घेऊन टाकला. मग संध्याकाळी बाई आल्या, आणि कोपऱ्यात बसून कोरी पाटी पुसणारी मुलगी तिने पाहिली. दुसऱ्या दिवशी तिने बोटावर सूप टांगलं आणि म्हणाली, मनाला येत नाही.

जन्मभर जिने पहिली बांगडी भरली, पहिलं लुगडं घेतलं, तिने आळीत हसं करून घेत दहा वेळा नाही म्हटलं. धोंडूला ते कळलं असावं. मला, सातवी पास मुलीला, कळलं नाही. दुकानात मी अकरा काढायला सांगायची, तेव्हाही ती दुकानदाराने उलगडलेलं पहिलंच लुगडं काखेला मारून उठायची. ते मी दर वेळी पाहिलं आणि दर वेळी हसले. आता तिला काही सांगावं तर ती नाही. मला फार वाईट वाटलं, आणि ते अजून गेलेलं नाही.

रंगाऱ्याने डबा उघडला होता. पट्ट्यांवर पहिला हात मारायला तो ब्रश घेऊन उभा होता. शैला पाण्याचा पेला माझ्या हातात देऊन म्हणाली, "आत्या, तुम्हाला बरं वाटलं की ठरवू. तो बदामी बरा दिसेल ना? काढू दे त्याला?"

मी पाणी प्यायले, पदर सारखा केला आणि भिंतीकडे नीट पाहिलं.

"मनाला येत नाही," मी म्हटलं. "उद्या दुसरा दाखवा."